पोर्तुगालच्या वेलीची ऑक्टोबर छाटणी

मंडळी, आज दुपारी लंडनहून दादाचा व्हिडिओ कॉल आला. त्याने पोर्तुगालमधल्या एका द्राक्षांच्या गावात सुट्टीसाठी जुनं घर घेतलंय. छप्पर, फरशी सगळं बदललं. अंगणातली जुनी वेल मात्र हौसेने ठेवली.

आज त्याने पाठवलेल्या फोटोत तिचे छाटणीनंतर आलेले कोवळे फुटवे थंडीने जळून काळे पडलेले दिसले.

"अण्णा, तुम्ही सांगितली तशी ऑक्टोबर छाटणी केली," दादा म्हणाला.

पिंपळगावात उभा जन्म द्राक्षबागेत घालवलेले आमचे वडील फोन जवळ धरून फुटवे बघू लागले. मग म्हणाले, "शेजाऱ्यांना नाय विचारलं?"

"तुम्ही असताना त्यांना कशाला?"

"मी आपल्याकडचं सांगितलं रे, तिकडची थंडी मला काय ठाऊक. आता विचार त्यांना. काय म्हणतील ते मलाबी सांग."

वेल पुन्हा फुटेल हो. पण छाटणीचं अण्णांनी दुसऱ्याला विचारलेलं मी आज पहिल्यांदाच ऐकलं. तुमच्या घरी झालंय कधी असं?