ताटाखालची नोट

भोकरदनच्या बस स्टँडाजवळ मी बावीस वर्षं खानावळ चालवली. शाळा चौथीपर्यंत झाली, बाकीचं शिक्षण त्या चुलीपुढं झालं. एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर, बाहेरगावचे मास्तर, बाजाराला आलेली माणसं माझ्याकडं जेवायची. माणूस बसला की आधी पाणी, मग ताट, मग गरम भाकरी, आणि दुसरी भाकरी त्यानं मागायच्या आत. यात शिकवण्यासारखं काही नाही. पण हल्ली हे कुणाला येत नाही म्हणून लिहिते आहे.

एकदा एक नवा मास्तर जेवून गेला आणि ताटाशेजारी दोन रुपये जास्तीचे ठेवून गेला. मला वाटलं विसरला. पिठाच्या हातानं तशीच स्टँडापर्यंत पळाले आणि सुटत्या गाडीच्या खिडकीतून ते पैसे त्याच्या मांडीवर टाकले. तो म्हणाला, "मावशी, ते तुमच्यासाठीच ठेवल्ते." मी म्हटलं, "कशाचे? मी काय गाणं म्हणलं का तुम्ही जेवताना?" गाडीतली माणसं हसली. मास्तर पुढं वर्षभर माझ्याकडं जेवला, पण पुन्हा कधी जास्तीचे पैसे ठेवले नाहीत.

याच्या उलट एक दिवस असा आला की वरण करपलं आणि दुसरं करायला वेळ नव्हता. येणाऱ्या प्रत्येकाला मी ताट वाढायच्या आधी सांगितलं, आज करपलंय, अर्धे पैसे द्या नाहीतर दुसरीकडं जा. दोघं उठून गेले. बाकीच्यांनी नावं ठेवत खाल्लं. वाईट वाढून वर जास्तीचे पैसे घ्यायची अक्कल मला त्या वेळी नव्हती. ती आता जालना रोडवरच्या हॉटेलात निघाली आहे.

त्या हॉटेलात मी गेले ती नातीच्या सोयरिकीसाठी. नात फार्मसी शिकलेली, जालन्याला एका मेडिकलवर काम करते. टेंभुर्णीचं स्थळ आलं होतं. मुलगा संभाजीनगरला कंपनीत, आईबाप गावी शेती करतात. पोहे खाऊन झाले होते, माणसं बरी वाटली होती. आता ती दुसऱ्यांदा जेवायला येणार होती, आणि त्या जेवणात काय ते ठरणार होतं.

ते कसं ठरतं, ते सांगते. आमच्याकडं जुनी रीत आहे. मुलाकडची माणसं दुसऱ्यांदा येतात तेव्हा मुलीच्या घरी जेवतात. जेवण झालं की मुलाची आई आपल्या ताटाखाली एक नोट सरकवते. म्हणजे मुलगी पसंत आहे. मग मुलगी स्वतः येऊन ताट उचलते. तिनं नोट घेतली तर तिचाही होकार. नाही घेतली तर ती नोट सुपारीबरोबर माघारी जाते आणि कुणी कुणाला काही विचारत नाही. माझ्या धाकट्या बहिणीनं अशी एक नोट माघारी दिली होती. पाहुणे चहा पिऊन हसत निघून गेले. त्या काळात मुलीला तोंड उघडायची मुभा नव्हती, पण ताट उचलायची होती.

आमची नात तोंड उघडायला मोकळी होती, पण काही बोलत नव्हती. हो म्हणेना, नाही म्हणेना. तिचा बाप रोज माझ्याजवळ येऊन कुजबुजायचा, "आई, हिच्या मनात काय हाये?" मी म्हणायची, "ताट उचलंल तव्हा कळंल." तिला जाऊन विचारावं, हे त्याच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

आणि ऐन वेळी या शहाण्यानं जेवण हॉटेलात ठरवलं.

"आई, आपल्या घरात एसी न्हाई," तो म्हणाला.

"त्यांना सोयरीक करायची का थंड व्हायचंय?"

"इज्जतीचा सवाल हाये. आजकाल सगळे हॉटेलातच नेतात."

मग काय, गेलो. दुपारी एक वाजता. बाहेर 'फॅमिली' अशी पाटी, आत अंधार. दिवसाउजेडी अंधार करून बसायचे पैसे पडतात हे मला नवीन होतं. आम्ही चौघं, मुलगा-सून, नात आणि मी. ते तिघं. आमच्या टेबलाला एक वेटर होता, चाळिशीचा, गळ्याला काळा बो आणि पायात स्लीपर. त्यानं एका ओल्या फडक्यानं टेबल पुसलं आणि टेबलाला त्या फडक्याचा वास लावून गेला. तो गेला तो गेलाच. कोपऱ्यात उभा राहून मोबाइलवर काहीतरी बघत होता आणि एकटाच हसत होता.

वीस मिनिटं पाणी नाही. मुलाच्या वडिलांना ठसका लागला, कशाचा तर बडीशेपेचा, कारण टेबलावर खायला तेवढंच होतं. माझ्या मुलानं हात वर केला. वेटरनं मान हलवली. मुलानं पुन्हा हात वर केला. शाळेत एवढा वेळ हात वर ठेवला असता तर आज मोठा साहेब झाला असता.

"भाऊ, पाणी तं द्या," मुलाचे वडील म्हणाले.

"बसा की जरा. तुमचं एकट्याचंच टेबल न्हाई," वेटर म्हणाला.

मी उठले. गल्ल्याशेजारून पाण्याचा जग उचलला आणि सगळ्यांचे ग्लास भरले. माझा मुलगा दात खाऊन म्हणाला, "आई, बस खाली, लोक बघून राह्यले." मी म्हटलं, "बघू दे. पाणी कसं वाढतात ते त्यांनाबी कळंल."

मग जेवण आलं. शेवभाजी मागितली होती, पनीर आलं. शेवभाजी मागून आली, तिच्यात वेटरचा अंगठा होता. रोट्या अशा की आधी पाण्यात भिजवाव्यात. तो वाट्या मध्ये ठेवून मोबाइलकडं परत गेला, त्यामुळं सगळ्यांच्या ताटात भाजी मीच वाढली, रोट्या मीच फिरवल्या, कांदा-लिंबू मीच दोनदा मागून आणलं. मुलाची आई म्हणाली, "मावशी, तुम्ही जेवा की. तुमच्याच हातचं खायला आल्यासारखं वाटून राह्यलं." मला बरं वाटलं. माणसं बरी होती.

जेवण झालं आणि बिल मात्र पळत आलं. माझ्या मुलानं पैसे दिले आणि मग बडीशेपेच्या वाटीत शंभराची एक नोट ठेवली. अशी ठेवली की टेंभुर्णीकरांना दिसावी.

"हे काय?" मी विचारलं.

"टीप."

"कशाची?"

"आई, ठेवावी लागती. रीत हाये."

"कुणाच्या घरची? अंगठा बुचकळायचे वेगळे पैसे असतात का?"

"त्यांना पगार कमी असतो, आई."

"मंग मालकाला सांग. तो बघ, तिकडं गल्ल्यावर बसून घोरून राह्यला. त्यानं पगार द्यायचा न्हाई, यानं काम करायचं न्हाई, आणि दोघांचं तू भरायचं?"

हाच माझा मुलगा बाजारात मेथीवाल्या बाईशी पाच रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस करतो. ती बाई पहाटे उठून, जुडी बांधून, डोक्यावर आणून, वर दोन काड्या जास्तीच्या देते. तिला कधी टीप नाही. टीप कुणाला, तर ज्याला आपण घाबरतो त्याला. एसी असला, बो असला, की आपल्या लोकांना वाटतं आपणच काही चुकलो, आणि चुकीचा दंड म्हणून हे वाटीत पैसे ठेवतात. चांगलं वाढलं म्हणून कुणी खुशीनं दिलं तर माझं काही म्हणणं नाही. पण वाईट वाढणाऱ्याला पैसे देणं म्हणजे पुढच्या माणसाचं जेवण बिघडवायला वर्गणी देणं.

मी वाटीतून नोट उचलली आणि कमरेच्या पिशवीत घातली.

"आई!"

"पाणी कुणी वाढलं?"

त्यानं चोरून टेंभुर्णीकरांकडं बघितलं.

"भाजी कुणी वाढली? रोट्या? मंग टीप कुणाची?"

मुलाचे वडील मोठ्यानं हसले. "मावशीचा हिशेब बराबर हाये!" त्यांचा मुलगाही हसला. सून टेबलाखाली पदराशी चाळा करत होती. या गोंधळात वेटर आला, आणि दोन तासांत पहिल्यांदा त्याचे हात जल्दी चालले. सात ताटं एकावर एक रचून तो आत गेलासुद्धा.

मुलाच्या आईचं हसू तिथंच थांबलं. ती नातीकडं बघत राहिली, मग नवऱ्याला हळूच म्हणाली, "चला, निघू. जीप भेटायची न्हाई नंतर."

मला काही समजेना. आत्तापर्यंत बाई मजेत होती. मग माझी नजर तिच्यापुढच्या रिकाम्या टेबलावर गेली.

"ताई, ताटाखाली काही ठेवल्तं का तुम्ही?"

"ठेवल्तं," ती म्हणाली. "पाचशे. सवयीनं सरकवली. म्हणलं पोरगी उचलंल. पोरगी बसून राह्यली, ताट गेलं. मंग मी काय समजायचं?"

आता नातीला बिचारीला काय माहीत? हॉटेलात ताट कोण उचलतं! आणि त्या बाईला तरी काय म्हणायचं? तिनं जन्मात दुसऱ्यांदाच हॉटेल बघितलं असेल. जेवली म्हणून नोट ठेवली. आणि आम्ही शंभरावर भांडत असताना तिचे पाचशे नजरेसमोरून स्वयंपाकघरात गेले.

मुलाचे वडील म्हणाले, "न्हाई घेतली तं न्हाई. पण रीतीनं बघितलं तं आता त्या वेटरलाच सून म्हणून न्यावं लागंल." कुणी हसलं नाही.

माझा मुलगा घामाघूम. एसीत. "पाचशेच तं हायेत," तो खिशात हात घालून म्हणाला. "मी देतो, तुम्ही परत ठेवा."

"तुमचे पाचशे तुमच्याच पोरीनं घ्यायचे का?" बाईनं विचारलं.

"अरे, आत जा आणि तीच नोट माग," मी मुलाला म्हटलं.

"दिलेली टीप परत मागू? आई, लोक काय म्हणतील?"

म्हणजे बघा. पोरीची सोयरीक मोडली तर चालेल, वेटर काय म्हणेल याची काळजी. मी गुडघ्यावर हात टेकून उठायला लागले. पण माझ्या आधी नात उठली होती. ती सरळ स्वयंपाकघराच्या दाराशी गेली. आमच्या टेबलापासून ते चार पावलांवर होतं, सगळं ऐकू येत होतं.

"भाऊ, त्या ताटाखालची नोट द्या."

"ती टीप हाये मॅडम."

"टीप न्हाई ती."

"मंग? तुमची हाये का?"

नात थांबली. तिनं मागं वळून बघितलं, आमच्याकडं नाही, टेंभुर्णीच्या त्या मुलाकडं. त्या मुलानं हातातला ग्लास खाली ठेवला.

"हो," नात म्हणाली. "माझीच हाये."

वेटरनं खिशातून नोट काढली. रस्सा लागला होता तिला. नातीनं ती त्याच्याच फडक्याला पुसली आणि मुठीत घेऊन जागेवर येऊन बसली. मुलाच्या आईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

मी वेटरला हाक मारली. "का रे, पाचशेची टीप पडावी असं काय केल्तं तू?"

"मलाबी तेच नवल वाटून राह्यल्तं, आजी," तो म्हणाला. खोटं बोलला नाही, एवढं त्याचं खरं.

"इहीणबाईंचं तोंड गोड करायचंय. काय हाये?"

"गुलाबजाम संपले."

"साखर?"

साखर होती. पण ती यायला जेवणाइतकाच वेळ लागला, आणि चमचा आलाच नाही. चिमटीनं एकमेकांच्या तोंडात साखर घातली आणि उठलो.

पाहुणे टेंभुर्णीच्या जीपमध्ये बसले, आम्ही आमच्या. गाडी सुटली तसा माझा मुलगा पोरीवर उखडला. आता काळजी संपली होती, मग रागवायला मोकळा. "तुझ्या मनात हो होतं तं आधी सांगायला काय झाल्तं? महिना झाला, मला झोप न्हाई!"

"मला विचारलं कुणी?" नात म्हणाली. "तुम्ही आजीला विचारून राह्यल्ते, आजी तुम्हाला सांगून राह्यली. मला फक्त त्या वेटरनं विचारलं."

मुलगा खिडकीबाहेर बघायला लागला. मीही. बावीस वर्षं येईल त्या माणसाला विचारलं, आणखी काय पाहिजे. घरातल्या पोरीला विचारायचं राहिलं, आणि ते स्लीपर घातलेल्या त्या माणसानं विचारलं. दुपारभरात तेवढं एक काम त्यानं वेळेवर केलं.

कमरेच्या पिशवीत ती शंभराची नोट होती. एकदा मनात आलं, जीप थांबवावी, परत जाऊन त्याला देऊन यावी. मग साखरेला लागलेला वेळ आठवला आणि म्हटलं, राहू दे.