हिलालनानांचं चुंबक

डोळ्यात लोखंड गेलं की एरंडोलचा माणूस आधी डॉक्टरकडे जायचा नाही, धुळे रस्त्यावरच्या हिलालनानांच्या वर्कशॉपला जायचा. छिन्नीचा तुकडा उडो की ग्राइंडरचा कण शिरो, नाना त्याला उन्हात बाकड्यावर बसवत, पापणी उलटी करत आणि जुन्या स्पीकरमधून काढलेलं चुंबक डोळ्यासमोर हळूहळू फिरवत. एक पैसा घेत नसत. "निंघनं बठ्ठं, जाय घर!" म्हणाले की माणूस डोळे पुसत घरी जाई. बहुतेकदा खरंच निघायचं, खोटं कशाला बोला! पण निघालं नाही तरी नाना हेच म्हणत. दुखणं पंधरा दिवसांत आपोआप बसतं, एवढं त्यांना अनुभवानं ठाऊक झालं होतं. बाकी माणूस लाखात एक, पण 'मला जमलं नाही' हे शब्द त्याच्या तोंडून कधी कोणी ऐकले नाहीत.

१९९८ च्या उन्हाळ्यात नानांच्या हातातून पाना गळून पडायला लागला. बोटं बधिर. जळगावच्या डॉक्टरांनी मान तपासली, मणक्यात काहीतरी दाबतंय म्हणाले आणि एमआरआयसाठी नाशिकला पाठवलं. तीन आठवड्यांनी नंबर लागला. सोबत धाकटा भाऊ अभिमन गेला. तोही वर्कशॉपमध्येच कामाला. त्याचा उजवा डोळा वर्षा-वर्षानं मंदावत शेवटी पुरता गेला होता.

तिथल्या टेक्निशियन बाईंनी नानांचं घड्याळ, चष्मा, कमरेचा चांदीचा करदोडा, सगळं काढून अभिमनच्या हातात दिलं. "आत फार मोठं चुंबक आहे, काका. दुखत काही नाही, पण मशीन धडाधडा वाजतं. पाऊण तास मान हलवायची नाही. जीव घाबरला तर हा रबरी फुगा दाबा, मी लगेच थांबवीन." मग कागद बघून त्यांनी विचारलं, "डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता?"

नाना हसले. "अहो, मी तर लोकांच्या डोळ्यातले काढतो!"

"लोकांचं नाही, तुमच्या डोळ्याचं विचारतेय."

"गेला होता. निघाला."

"डॉक्टरांनी काढला?"

अभिमन शेजारीच उभा होता. नाना म्हणाले, "हो."

झालं! डॉक्टर कुठला आणि काय कुठलं? एकोणीस वर्षांपूर्वी घणाखालून उडालेला तुकडा डाव्या डोळ्यात शिरला, तेव्हा नानांनी भिंतीवरच्या आरशात बघून स्वतःच चुंबक फिरवलं होतं. काही आलं नाही. पण गावाचे डोळे बघणारा स्वतःच डॉक्टरकडे गेला, तर उद्या त्याच्या बाकड्यावर कोण बसेल? म्हणून तेव्हाही स्वतःला "निंघनं" म्हणून मोकळे झाले.

नाना फळीवर आडवे झाले. बाईंनी कानात कापूस घातला, डोक्यावर पिंजरा बसवला, हातात फुगा दिला. डोक्यामागे मशीनचं गोल भोक, आणि आधी डोकंच आत जाणार.

चुंबक कसं ओढतं, हे नानांना कोणी शिकवायला नको होतं. लोखंडाचा कण हळू सरकत नाही. आधी जागच्या जागी फिरतो, टोक चुंबकाकडे करतो आणि मग उडी मारतो. मध्ये कागद असला तर तोही टोचून जातो. डोळ्याची काय कथा? बोलावं तर बाहेर थांबलेल्या भावापुढे खोटं उघडं पडणार. गप्प राहावं तर डोळा जाणार. फळी हलली आणि सरकायला लागली.

त्यांनी फुगा दाबला. म्हणजे दाबायला गेले, पण बोटांत जीवच नव्हता. पुन्हा जोर केला. फुगा हातातून निसटला. छत मागे जात होतं, भोकाची कड कपाळाजवळ आली.

"थांबा! बाई, थांबा! डोयामा लोखंड शे!"

फळी जागच्या जागी थांबली.

शेजारच्या खोलीत डोळ्याचा एक्स-रे काढला. काळ्या फिल्मवर डाव्या डोळ्याच्या कडेला पांढरा ठिपका, मोहरीएवढा. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही मशीनमध्ये गेला असतात तर हा कण फिरला असता आणि डोळा गेला असता. मानेसाठी आता दुसरी तपासणी करू. तरी तुमचं नशीब थोर. कण कडेला, डोळ्याच्या गोळ्याबाहेर अडकलाय; गोळ्याच्या आत असता तर गंज चढून आंधळा केला असता, हळूहळू, वर्षा-वर्षानं. बरं झालं, ऐनवेळी आठवलं."

"आठवलं नाही, साहेब," नाना म्हणाले. "विसरलोच नव्हतो."

बाहेर अभिमन एक्स-रेचं पाकीट घेऊन उभा होता. डॉक्टरांचं बोलणं त्यानं दारातून ऐकलं होतं. नानांना त्याच्याकडे बघवेना.

"अभिमन, तुन्हा डोया... कण गया, त्या दिवशी चुंबकले काहीच चिकटनं नव्हतं. मी खोटं सांगं."

अभिमनच्या चांगल्या डोळ्यातून पाणी आलं, ते त्यानं पुसलंही नाही. नाना तिथंच भिंतीला टेकून रडले, मोठ्यानं, बायाबापड्या बघत होत्या तरी.

शेवटी अभिमननं विचारलं, "आणखी कितला लोके?"

नानांना पेन धरता येत नव्हतं. अभिमननंच शर्टाच्या खिशातून काढलं आणि पाकीट गुडघ्यावर ठेवलं. नाना एकेक नाव सांगू लागले. पुना लोहार. वना, धरणगाववाला. झुंबरबाईचा थोरला. एस.टी. सुटायच्या वेळेपर्यंत पाकिटाची एक बाजू भरली, तेव्हा अभिमननं ते उलटं केलं.