रत्नदीपचा बिनपट्ट्यांचा बास

नालवाडीच्या रत्नदीपने चांगलाभला बास गिटार बिघडवला, असं त्याच्या ऑर्केस्ट्रातले लोक म्हणतात. रत्नदीप म्हणतो, सुधारला. एवढ्या एका गोष्टीवरून वर्षभर त्यांचं जमलं नाही, आणि जमावं अशी त्याला घाईही नव्हती.

बासच्या दांडीवर तारांखाली धातूच्या बारीक आडव्या पट्ट्या असतात. दोन पट्ट्यांच्या मधे बोट कुठेही पडो, सूर जागेवर येतो. कानाने डुलकी काढली तरी चालतं. रत्नदीपला एकदा मोबाइलवर बिनपट्ट्यांचा बास ऐकायला मिळाला, जाझमधला. वाटलं, कुणी जाडा माणूस तोंड मिटून गुणगुणतोय. त्या दिवसापासून भीमगीतांच्या ऑर्केस्ट्रातला हा गडी कामातून गेला. तसा नवा बास घ्यायचा, तर तेवढ्या पैशांत त्याचे वडील नत्थू मिस्त्री यांनी दोन सोफासेट उभे केले असते. मग त्याने आपला जुनाच, नागपूरहून सेकंडहँड आणलेला बास बाबांच्या टेबलावर आडवा केला आणि पकडीने एकेक पट्टी उपटली.

उरल्या खाचा. त्या बुजवायचं काम बाबांना सांगून तो रोहण्याला लग्नाला गेला, ही त्याची चूक झाली. अशा खाचांत लोक वेगळ्या रंगाचं काही भरतात; रेघ दिसते, बोटाला पत्ता मिळतो. नत्थू मिस्त्रींचा हात चाळीस वर्षं दारं-पलंगांवर बसलेला. त्यांनी दांडीच्याच रंगाचा भुसा फेविकॉलमध्ये कालवला, खाचा भरल्या, घासल्या, वर पॉलिश मारलं. दांडी अशी गुळगुळीत, की माशी बसली तर घसरावी.

"बाबा, रेघा कुठी गेल्या?"

"बुजवल्या नं. तूच तं म्हनला."

"त्या दिसाले पाह्यजे होत्या."

"सांधा दिसू देऊ? गावात तोंड दाखवाचं हाय मले."

आता दांडीकडे पाहून काहीच कळत नव्हतं, म्हणून रत्नदीपने पाहणंच सोडलं. बाबांची रंध्याची मशीन घुंई करायची, तो त्या घुंईवर सूर लावत बसायचा. केसभर इकडे, केसभर तिकडे. मशीन थांबली की तो ओरडायचा, "चालू ठेवा नं बाबा", आणि मिस्त्री म्हणायचे, "तुह्या गान्यासाठी फळ्या संपवू काय?"

ऑर्केस्ट्राचे मालक प्रभाकरराव म्हणजे रिटायर तलाठी. प्रत्येक गोष्ट हद्दीत असावी असं त्यांचं मत, सूरही. खरं सांगायचं तर धावत्या गाण्यांत रत्नदीपचे सूर हद्द सोडायचेच. आर्वीला जयंतीचा कार्यक्रम होता. दुपारी साउंड तपासताना प्रभाकररावांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं.

"रत्नदीप, तुहे सूर बेवारस हिंडून राह्यले. पट्ट्या बसव, नाई तं बस खाली. कीबोर्डवाला बास सांभाळते."

"पट्ट्या नाई बसत आता, काकाजी."

"काऊन नाई बसत?"

"बसतीन. मी नाई बसवत."

ऑक्टोपॅडवाला विवेक खाली मान घालून हसला. गायिका मंदाबाई चहात बिस्किट बुडवत होत्या, त्यांचं बिस्किट चहातच राहिलं.

"थे जाझ-बीझ आपलं नोहे," प्रभाकरराव म्हणाले. "साहेब लोकायचं हाय."

"साहेब लोकायचं नाई, काकाजी. साहेब लोकायनं ज्या काळ्या लोकायले दाराबाहेर ठेवलं, त्यायचं हाय."

यावर प्रभाकररावांनी चष्मा पुसला. पण निर्णय फिरला नाही: आज गाण्यांत रत्नदीप नाही. बास मुकाट्याने खोळीत घालून आर्वीच्या डेपोत वर्ध्याची बस पकडायची, एवढंच उरलं होतं. त्याने खोळ उचलली आणि परत खाली ठेवली.

"पाहुने किती वाजता येनार हायेत?"

"सहाले."

"म्हंजे सातले. तवरोक स्टेजवर कोन हाय?"

कोणीच नव्हतं. पाहुणे येईपर्यंत ऑर्केस्ट्राने काहीतरी वाजवत राहायचं, ही रीतच. आणि ते काहीतरी कोणी ऐकत नाही, हीही रीत. सगळे चहाच्या टपरीवर पांगतात आणि स्पीकरवर कॅसेटच्या काळातली एक धून लावून देतात.

"थो टाइम माहा," रत्नदीप म्हणाला.

प्रभाकररावांनी चष्मा पुन्हा पुसायला घेतला. मंदाबाई मधेच म्हणाल्या, "वाजवू द्या नं भाऊ. तसंही कोनाले समजते तवा?"

सहा वाजता रत्नदीप स्टेजवर बसला. विवेक न बोलावता ऑक्टोपॅडवर आला. पुढे सतरंजीवर वीस-पंचवीस बाया, काही म्हातारे, शेंगदाण्याच्या पुड्या. बासची चाल सुरू झाली. जेवण झाल्यावर माणूस शतपावली करतो, तशी सावकाश. दुसऱ्याच वळणावर एक सूर खाली पडला. रत्नदीपने बोट उचललं नाही, तो तसाच घसरत घसरत जागेवर नेला, आणि पुढच्या फेरीत मुद्दाम तिथेच पुन्हा पाडून पुन्हा वर आणला. विवेकने मान हलवली.

पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी बराच वेळ वाट पाहून स्टेजच्या काठावर काठी ठोकली.

"बाप्पा, सामान लावनं झालं नाई काय अजून? गानं कवा सुरू होते?"

रत्नदीप वाजवत वाजवतच खाली वाकला.

"सुरू हाय आजोबा. पाहुने येईपर्यंत हेच हाय. बसा."

आजोबांनी स्टेजकडे एकदा पाहिलं, शेंगदाण्याची पुडी उघडली आणि बसले.