तिसऱ्या रांगेतली चामखीळ

चित्रपट आणि दूरचित्रवाणीच्या वार्षिक पुरस्कार सोहळ्यात चार मिनिटं अशी येतात, की तेव्हा आपलं नाव झळकू नये म्हणून भले भले देव पाण्यात ठेवतात. दिवे मंद होतात, व्हायोलिन रडू लागतं आणि वर्षभरात गेलेल्यांचे चेहरे पडद्यावर एकामागून एक येऊन जातात. या चार मिनिटांचा धनी म्हणजे संस्थेच्या तळमजल्यावरचा एक कारकून. सगळे त्याला चित्रगुप्त म्हणत. भाजी आणायला विसरला, तर बायकोसुद्धा.

गडी मुळातच भित्रा. कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघणार आणि जिन्यावरून परत येऊन चौथ्यांदा. घरी फोन करून खात्री केल्याशिवाय एकोणीस वर्षांत त्याने एकही नाव यादीत घातलं नव्हतं. जुने नट त्याला पाहून रस्ता बदलत. एकदा एका खलनायकाला त्याने प्रेमाने विचारलं, "तब्येत काय म्हणते?" पडद्यावर शंभर मुडदे पाडलेला तो गृहस्थ पांढराफटक पडला. "तू नको रे विचारूस बाबा! बाकी काहीही विचार."

त्या वर्षी यादीत एक ध्वनिमुद्रक होता. त्याच्या पत्नीकडे कामावरचा एकच फोटो होता आणि त्यात दोघे होते. दोघांच्या डोक्याला हेडफोन, दोघांना सारख्याच झुपकेदार मिशा. फोटोच्या मागे, गेलेल्याच्याच अक्षरात, लिहिलेलं: 'डावीकडे मी, उजवीकडे माझा जोडीदार.' चित्रगुप्ताने रीतीप्रमाणे फोन केला.

"वहिनी, मागे लिहिलंय ते बरोबर ना?"

"ह्यांचंच अक्षर आहे, भाऊ."

झालं. डावीकडचा चेहरा कापून मोठा केला. नाकाच्या डाव्या बाजूला एक ठिपका होता. ती धूळ की चामखीळ, यात त्याचा अर्धा दिवस गेला. शेवटी चामखीळच, असं ठरवून त्याने ती राहू दिली.

सोहळ्याच्या संध्याकाळी मूळ फोटो परत द्यायला तो तिसऱ्या रांगेत गेला. वहिनींच्या शेजारी पांढऱ्या मिशांचे एक आजोबा बसले होते.

"हे भाऊजी. तीस वर्षं ह्यांच्या बरोबरीने काम केलं."

भाऊजींनी मान वर केली. नाकाशेजारी चामखीळ!

हाच चेहरा तर त्याने कापून मोठा केला होता! मग त्याने नीट पाहिलं, तर चामखीळ उजव्या बाजूला. म्हणजे हा माणूस वेगळा. सुटलो! तरी कुलूप चौथ्यांदा ओढायची सवय थोडीच जाते? त्याने पाकिटातून फोटो अर्धवट बाहेर काढला. दोघांच्या शर्टांचे खिसे उजव्या छातीवर होते.

असले शर्ट कुठला शिंपी शिवतो? फोटो छापणाऱ्याने निगेटिव्ह उलटी ठेवली होती, म्हणून डावं-उजवं बदललं होतं, चामखिळीचंही. आणि गेलेल्या माणसाने पुढची बाजू न बघता, आपण कुठे उभे होतो ते आठवून मागे लिहून टाकलं होतं.

"फोटो नंतर देतो, वहिनी," असं पुटपुटून तो निघाला. वीस मिनिटांनी या बाईसमोर, तिच्या नवऱ्याच्या नावाखाली, तिच्या शेजारी बसलेला जिवंत माणूस झळकणार होता. नोकरी गेली तर गेली, पण त्या क्षणी ती दोघं एकमेकांकडे कशी बघतील?

नियंत्रण कक्षात सोहळ्याची दिग्दर्शिका बारा पडद्यांसमोर बसली होती.

"बाई, एक मेलेला जिवंत आहे!"

"काका, पाणी प्या."

"म्हणजे, जिवंत माणूस मेलाय. माझ्या हातून!"

तिने फोटो पाहिला, सगळं ऐकून घेतलं आणि घड्याळाकडे बघितलं. "चित्रफीत आता बदलता येणार नाही. त्यांचा फोटो आला की चार सेकंद दुसरंच काहीतरी दाखवते. फुलं वगैरे."

"फुलं? वहिनी तिसऱ्या रांगेत बसल्यात हो!"

"मग हाच फोटो विंगेतल्या कॅमेऱ्यासमोर धरा. त्या वेळेपुरती मी तुमच्या कॅमेऱ्यावर येते, नाव खाली टाकते. पण दुसऱ्याचं काय?"

"झाकतो."

"कशाने?"

चित्रगुप्ताने अंगठा दाखवला.

विंगेत तो फोटो धरून उभा राहिला. व्हायोलिन सुरू झालं. एक नटी गेली, एक संकलक गेला. कानात लावलेल्या इअरफोनमधून दिग्दर्शिकेचा आवाज आला, "काका, आता!" पडद्यावर झुपकेदार मिशांचा तो ध्वनिमुद्रक आला आणि त्याच्या शेजारी दरवाजाएवढा एक अंगठा. फोटो पिंपळपानासारखा थरथरत होता. चित्रगुप्ताने डोळे मिटून घेतले. चार सेकंद. आयुष्यात एवढे लांब सेकंद त्याने पाहिले नव्हते.

बाहेरच्या व्हरांड्यात वहिनी पदराने डोळे पुसत भेटल्या. "किती छान दिसले हो, भाऊ. जरा हलतसुद्धा होते, अगदी जिवंत असल्यासारखे."

त्याने फोटो त्यांच्या हातात ठेवला. भाऊजींनी त्याला दंडाला धरून बाजूला घेतलं.

"माझ्या तोंडावर अंगठा कुणाचा होता?"

"माझा," तो म्हणाला, आणि भडाभडा सगळं सांगून टाकलं.

भाऊजींनी आपली चामखीळ चाचपून पाहिली. मग त्यांनी चित्रगुप्ताचा तोच अंगठा आपल्या मुठीत घट्ट धरला.

"असाच दाबून ठेव रे बाबा. इतक्यात काढू नकोस."