दहाचा चहा आणि मागचं दार

आमच्या फाट्यावरच्या हॉटेलात भिंतीवर पिवळ्या रंगात लिहिलंय, चहा दहा रुपये. घेत होते बारा. पाण्याच्या बाटलीवर वीस छापलेले, घ्यायचे पंचवीस. विचारलं की उत्तर ठरलेलं, "थंड कराले लाईट लागस ना." प्रकाशा या तीर्थाला जाणाऱ्या यात्रेकरूंच्या गाड्या इथे थांबतात. उतरलेला माणूस तहानलेला असतो, आणि पाच रुपयांसाठी भांडणारा हलका असं आपल्याकडे सगळ्यांनाच वाटतं. त्या लाजेवर हा धंदा चालतो. हे मी पत्रकात लिहिलं होतं. आजही त्यातला एक शब्द मागे घेत नाही.

माझी माय याच फाट्यावर पपई आणि पेरू विकते. मी शहाद्याला कॉलेजात असताना संघटनेत गेले, पत्रकं लिहायला शिकले आणि स्वतःचं पहिलं पत्रक याच हॉटेलवर काढलं. 'भिंतीवर एक भाव, गल्ल्यावर दुसरा. ही लूट आहे.' गाड्यांत चढून वाटलं, हॉटेलच्या खांबावर चिकटवलं. वजनमाप खात्याकडे तक्रार दिली. पावती कोणी देतच नव्हतं, म्हणून मोबाईलवर चित्रण करून जोडलं. साहेब आले, दंड झाला. दुसऱ्या दिवसापासून चहा दहा, बाटली वीस. मी संघटनेतल्या पोरांना घेऊन तिथे गेले आणि मालकासमोर दहा-दहा मोजून चहा प्यायले. मायला हाक मारली.

"मले नको," ती म्हणाली आणि पेरू पुसत राहिली.

उन्हाळ्यात घरी आले तेव्हा तिला ताप होता, लघवीला जळजळ होती. डॉक्टर म्हणाले, पाणी कमी पडतंय, भरपूर प्या. ती पीत नव्हती. मी ओरडायचे, ती म्हणायची, तहान लागत नाही. वैशाखात, दिवसभर डांबरी रस्त्याच्या कडेला बसून तहान लागत नाही.

खरं काय ते तिच्या शेजारी बसणाऱ्या काकडीवाल्या मावशीने सांगितलं. "आम्ही बाराना चहा पेत व्हतूत, तो काय चहासाठे का? हॉटेलना मांगलं दार उघडं ऱ्हाये, माय."

मागच्या दाराबाहेर हॉटेलचा संडास आहे. फाट्यावर विकायला बसणाऱ्या बायका दिवसातून एक चहा घ्यायच्या, जास्तीचे दोन रुपये न बोलता द्यायच्या आणि भटारखान्यातून मागे जाऊन यायच्या. असं कोणी ठरवलं नव्हतं, कोणी तोंडाने बोललंही नव्हतं. दंड झाल्यावर मालकाने मागे कुलूप लावलं.

"तुन्ही पोर भलती शिकनी," मावशी मायला म्हणाली. "आते तिले सांग, पोटले बी शिकाड. सांजपावत दम धर म्हना." माय हसली. मला नाही हसू आलं.

आधी बायका बाभळीआड जायच्या. रस्ता रुंद झाला, बाभळी गेल्या. पलीकडे ऊस आहे, त्याला तारेचं कुंपण आहे. फाट्यावर सार्वजनिक शौचालयाची निळी पाटी आहे, पाटीवर बाण आहे, बाणाच्या दिशेने चालत गेलात तर खडीचा ढीग आहे.

मी हॉटेलमालकाकडे गेले. चिडूनच गेले. तो गल्ल्यावरून उठलासुद्धा नाही.

"ताई, तूच लिखं ना, भिंतवर जे शे तेच? मंग वाच. भिंतवर संडास शे का?"

"जेवणाऱ्यांना किल्ली देतोस."

"देस ना. तुन्ही मायले सांग, रोज थाळी खा."

टेबलांवरची माणसं हसली. थाळी शंभरची आहे. मायची एखाद्या दिवशी तेवढी विक्रीही होत नाही.

वजनमापवाल्या साहेबांना फोन केला. ते म्हणाले, जादा घेतोय का? नाही ना? मग आमचा विषय संपला. बरोबरच आहे त्यांचं. लुटीची तक्रार करायला खिडकी आहे. पण बाईने दिवसभर जायचं कुठे, हे विचारायला कुठलीच खिडकी नाही, हे मी अर्ज घेऊन फिरून पाहिलंय. शेवटी म्हटलं, यावरच पत्रक काढते. मायने हातातली सुरी खाली ठेवली. "मन्हा मूतनं बी पत्रक काढशी का?" तिचा चेहरा बघून कागद मिटला.

एकदा मला न सांगता ती हॉटेलात गेली. मी पलीकडे रिक्षातून उतरत होते. तिने चहा घेतला आणि गल्ल्यावर बारा ठेवले. मालकाने दोनचं नाणं बोटाने परत तिच्याकडे सरकवलं. "नको मावशी, दंड बसस." भला माणूस असल्यासारखा बोलला. तिने नाणं उचललं, मागच्या कुलपाकडे एकदा पाहिलं आणि आपल्या टोपल्यांशी येऊन बसली.

पत्रक अजून खांबावर आहे. यात्रेकरू वाचतात, दहा रुपये देतात. कोणीतरी शाबासकीही दिली मला. मी सकाळी मायला मोठी बाटली भरून देते आणि संध्याकाळी ती रिकामी येते, म्हणून काही दिवस मला बरं वाटत होतं. मग एका दुपारी फाट्यावर थांबलेल्या बसमधून मला दिसलं, ती बाटलीच्या झाकणाला पाडलेल्या भोकातून पेरूंवर पाणी शिंपडत होती. एक एक पेरू हातात घेऊन, सावकाश. ओठ कोरडे होते.