अमरावतीचा रॅप, अकोल्याची गिटार

गाणं संपतं, किस्से संपत नाहीत. आमच्या स्टुडिओत ते शेंगांच्या टरफलांसारखे साचलेत. झाडून काढले, की खुर्चीखाली आणखी सापडतात.

मी अमरावतीच्या एका छोट्या स्टुडिओत मिक्सिंग करते. एका वऱ्हाडी सिनेमासाठी गाणं करायचं होतं. रॅप अमरावतीच्या संदेशचा, रॉक अकोल्याच्या निखिलचा. डायरेक्टरनी बजावलं होतं, महिनाअखेरच्या शुक्रवारी ऐकून आवडलं तर सिनेमात, नाहीतर काम मुंबईला! आमच्या तिघांचंही हे पहिलंच सिनेमाचं काम.

*

पहिल्या दिवशी निखिलनं गिटारची पिन स्पीकरला लावली आणि आवाज किती मोठा ठेवलाय ते न बघताच तार छेडली. मी थेट टेबलाखाली.

संदेश वाकून म्हणाला, "मॅडम, वायर शोधून राहिल्या का?"

मी हो म्हटलं. संध्याकाळी निखिलनं बाजारातून नवी वायर आणून दिली. ती मी अजून वापरतेय.

*

संदेशची आई डबा घेऊन आली आणि रॅप ऐकायला बसली. पोरगा घाम फुटेस्तोवर ओरडला. माउलीनं शेवटपर्यंत ऐकलं, मग मायेनं विचारलं,

"कोनावर रागावला रे एवढा? मले सांग, मी बोलतो त्याच्याशी."

*

अकोल्याला परतताना एसटीत कंडक्टरनं निखिलला विचारलं, लग्नात वाजवता का? हा म्हणाला, रॉक वाजवतो.

"चालते. माह्या साळीच्या हळदीत वाजवा."

निखिलला नाही म्हणता येत नाही. ऐन शेवटच्या आठवड्यात तो परतवाड्याला कंडक्टरच्या मेव्हणीच्या हळदीत! आता संदेश घरी आणि निखिल जिथं असेल तिथं रेकॉर्ड करून मला पाठवणार, असं ठरलं.

*

मी एकाचं कच्चं रेकॉर्डिंग दुसऱ्याला ऐकायला पाठवलं, आणि फोन सुरू झाले. संदेश म्हणे, या गिटारवाल्याले थांबता येते की नाही? निखिल म्हणे, तो पोट्टा श्वास काहून घेत नाही?

भांडण झालं तर गाणंच जाईल, या धास्तीनं मी दोघांनाही दुसऱ्याच्या नावानं सांगितलं, "त्यांना तुमचं फार आवडलं. आणखी ऐकायचंय म्हणाले."

दोघांचेही फोन थांबले. मला वाटलं, मिटलं.

*

शुक्रवारी सकाळी दोघांच्या फायली आल्या. एकावर एक लावल्या, तर गाण्याच्या ऐन मध्यात काहीच नाही. ना रॅप, ना गिटार! मला वाटलं, हेडफोन गेले. बदलले. तरी तेच.

दोघं आले. संदेश म्हणाला, त्यानं एवढं कौतुक केलं म्हणून ती जागा मी गिटारसाठी सोडली. निखिल म्हणाला, मी तर रॅपसाठी सोडली. दोघंही माझ्याकडे बघायला लागले. तेवढ्यात दार उघडलं आणि डायरेक्टर आत.

गाणं लावलं. धडाधड चाललं, आणि मध्ये एकदम थांबलं. खोलीत फक्त पंख्याचा आवाज. माझा हात बंद करायच्या बटणावर गेला. डायरेक्टरनी तो धरला. मी किंचाळले. मग गाणं पुन्हा उसळलं आणि संपलं.

डायरेक्टरनी माझा हात सोडला. मग म्हणाले, "गाणं असंच जाईल सिनेमात. ही मधली शांतता कोनाची आयडिया?"

निखिल छताकडे बघत होता. शेवटी संदेशनं घसा खाकरला.

"सर, तेवढंच आमी दोघांनी मिळून केलं."