सत्तावीस मुठी गहू

अमळनेरच्या एसटी स्टँडवर भर दुपारी जर्मनीहून माझ्या चुलतभावाचा, हेमंतदादाचा फोन आला. दादा अशा वेळी कधी फोन करत नाही. तिथे तेव्हा सकाळ असते आणि तो कामावर असतो. मी उचलला तर म्हणाला, "आई गेली." त्याची आई म्हणजे माझी सुमनअक्का. बागेतल्या बाकावर नातवाचा झोका बघत बसली होती, तिथेच मान कलली. मला त्या क्षणी रडू आलं नाही, हे लिहायला मला लाज वाटत नाही. मला पहिल्यांदा आठवलं ते एवढंच, की या बाईचं मी एक मोठं नुकसान केलं होतं आणि ते भरून द्यायचं राहून गेलं. त्या फोनला आता पाच आठवडे झाले. हा मजकूर मी रडत लिहीत नाही. पुढच्या दहा दिवसांत जे घडलं ते चौकात उभं राहून ओरडून सांगावं असं आहे, आणि ते सांगायचं तर आधी अक्का सांगावी लागेल.

सुमनअक्का माझी काकू. आमच्या घरात तिघे भाऊ. थोरले आबा शिंदखेड्याजवळच्या गावी शेती बघतात, मधले काका म्हणजे अक्काचे यजमान, ते फार लवकर गेले. धाकटे माझे वडील, त्यांनी अमळनेरला छोटा छापखाना टाकला आणि उभं आयुष्य पत्रकं छापण्यात घालवलं. जातीविरुद्ध, नवसाविरुद्ध, हुंड्याविरुद्ध. मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांवर, आणि कॉलेजात गेल्यावर स्वतः लिहूही लागले. अक्का मला 'पत्रकवाली' म्हणायची. घरात कुठलंही व्रत निघालं की ती मुद्दाम मोठ्यानं विचारायची, "पत्रकवाली, यावर तुनं पत्रक निघनं का नई अजून?" हेमंतदादाला बाळ झाल्यावर वहिनीची नोकरी पुन्हा सुरू होणार होती आणि तिकडच्या पाळणाघरात वर्षभर जागा नव्हती, म्हणून अठ्ठावन्नाव्या वर्षी अक्का स्टुटगार्टला मुलाकडे गेली. महिन्याभरानं मी त्याच शहरात शिकायला पोचले आणि त्यांच्या मागच्या खोलीत राहू लागले.

तिथले पहिले दिवस आम्ही दोघी एखाद्या चुकीच्या गाडीत बसल्यासारख्या काढले. रस्ता दोन्ही बाजूंनी रिकामा, एक सायकल नाही, आणि माणसं लाल दिव्यासमोर गप्प उभी! मी पहिल्याच आठवड्यात लाल दिवा ओलांडला तर एका म्हातारीनं मला भर रस्त्यात झापलं. अक्काचा धक्का वेगळा होता. तिला शांतता सहन होईना. आमच्या गावी सकाळी घराचं दार उघडतं ते थेट रात्री लागतं, आणि इथे जिन्यात चार कुटुंबं राहत असून एकही दार उघडं नाही. एका रविवारी तिनं काळ्या मसाल्यासाठी खलबत्ता काढला. संध्याकाळी दारावर कागद चिकटवलेला: रविवार विश्रांतीचा दिवस आहे, कृपया आवाज टाळावा. खाली सही, तळमजल्यावरचे क्लाउस. निवृत्त, एकटे, सत्तरीचे, चेहरा इस्त्री केल्यासारखा. मी पेटलेच. अन्न शिजवण्याच्या हक्कावर जाहीर उत्तर लिहायला कागद घेऊन बसले. अक्कानं मात्र एवढंच विचारलं, की हा माणूस आपल्या दारापर्यंत आला आणि चहा न घेता गेला?

ती खाली गेली. चहाला चला, असं तिनं हातानं सांगितलं. त्यांनी मान हलवून नको म्हटलं. आता खानदेशात पहिलं 'नको' म्हणजे नको नसतं. पाहुण्यानं दोनदा नाही म्हणायचं आणि आपण तिसऱ्यांदा ओढून न्यायचं, हीच रीत. अक्का तशीच हसत उभी राहिली, दुसऱ्यांदा म्हणाली, तिसऱ्यांदा त्यांच्या कोपराला हात लावला. क्लाउस दचकून मागे सरले आणि त्यांनी दार लावून घेतलं... अक्का वर आली ती थेट बॅगेशी जाऊन बसली. "आठे आपलं कोनी नई शे," म्हणाली. आठे म्हणजे इथे. तिनं परत जायचं ठरवलं. वहिनी रडली, दादा समजूत काढून थकला. अक्का गेली असती तर वहिनीची नोकरी गेली असती, हे तिलाही कळत होतं. तिनं फक्त एक मुदत दिली: श्रावणातली कानबाई होऊ द्या, मग तिकीट काढा.

कानबाई म्हणजे आमच्या खानदेशाचा जीव. रविवारी नारळाची देवी चौरंगावर बसते, सोमवारी तिला निरोप. पण खरा कायदा रोटांचा. घरातल्या माणसागणिक सव्वा मूठ गहू मोजायचे, तीच त्या माणसाची 'मूठ', मग ते दळायचे, त्याचे जाड रोट करायचे. ते फक्त भाऊबंदांनी खायचे, म्हणजे एका कुळाच्या माणसांनी. बाहेरच्याला तुकडासुद्धा नाही. आणि पौर्णिमेच्या आत सगळे संपले पाहिजेत, उरता कामा नयेत. या कायद्याविरुद्ध मी स्वतः एक पत्रक लिहिलं होतं, अक्कानं ते वाचून त्यात करंज्या बांधून दिल्या होत्या. शनिवारी दुपारी ती ओट्याशी उभी राहिली आणि डोळे मिटून गहू मोजू लागली, जसे ती गावी चाळीस वर्षं मोजत आली होती. आबांची मूठ, थोरल्या जावेची, त्यांच्या मुलांची, सुनांची, नातवंडांची, माझ्या वडिलांची, माझी. दादानं मिक्सरवर तासभर ते दळले. रविवारी पहिल्या आठ रोटांची चळत झाली आणि परातीत कणकेचा डोंगर तसाच, तेव्हा वहिनीनं हळूच विचारलं, "आई, किती जणांचे घेतले?"

सत्तावीस. खाणारे आम्ही चौघं, त्यातही माझं पोट बिघडलेलं. पौर्णिमा तीन दिवसांवर.

मी हसत सुटले आणि लगेच थांबले, कारण अक्काचा चेहरा पांढरा पडला होता. उरवले तर देवीचा अपमान, बाहेरच्याला दिले तर कुळाचा. टाकायचे तर प्रश्नच नाही. दोन दिवस आम्ही रोट, खीर, लाल भोपळ्याची भाजी, पुन्हा रोट असं करत राहिलो. दादा ऑफिसच्या डब्यात कोंबून न्यायचा. मंगळवारी संध्याकाळी अजून निम्मे शिल्लक होते. अक्का देवीच्या रिकाम्या चौरंगासमोर बराच वेळ बसली. मी तिला माझं तत्त्वज्ञान ऐकवणार होते, की कुळ ही माणसानंच आखलेली रेघ आहे वगैरे. तिनं मला तोंड उघडू दिलं नाही. उठली, घराचं दार सताड उघडलं, त्याला चप्पल अडकवली.

"दारसमोर जो राहस, तोच आते मना भाऊबंद," ती म्हणाली. "जाय, बठ्ठासले बलाव." बठ्ठासले म्हणजे सगळ्यांना.

मी जिना उतरले नाही, उडाले! समोरच्या एमिनेबाई आल्या, तुर्कस्तानातून तीस वर्षांपूर्वी आलेल्या. त्यांनी रोट हातात घेताच वास घेतला आणि काहीतरी पुटपुटत डोळे पुसले. वरच्या मजल्यावरची दोन विद्यार्थी पोरं आली. शेवटी क्लाउस. मी त्यांना दारातच इंग्रजीत सांगितलं, की आमच्या बाईनं आजपासून तुम्हाला आपल्या कुळात घेतलं आहे, ती संकटात आहे आणि तुम्ही जेवलात तरच सुटेल. नियमांवर जगणारा माणूस तो, 'रोट उरता कामा नयेत' हा नियम त्यांना ताबडतोब पटला. त्यांनी कोट चढवला, वर आले, ताठ बसून चार रोट संपवले आणि परातीत डोकावून विचारलं, अजून किती? अक्का इतकी हसली की पदर तोंडात धरावा लागला. तिकिटाचा विषय त्या दिवशी संपला.

आणि मग मी माती खाल्ली. तो सगळा प्रसंग मी फोनवर टिपला होता. एमिनेबाईंच्या हातात रोट, क्लाउसच्या मिशीला खीर. मी तो घराण्याच्या ग्रुपवर टाकला. वर चार ओळीही लिहिल्या, कुळाची भिंत पडली, कानबाई सगळ्यांची, अशा. अक्काला विचारलं नाही. मला वाटलं मी तिचा सन्मान करते आहे. खरं म्हणजे मी तिचं पत्रक केलं होतं... तासाभरात आबांचा व्हिडिओ कॉल. अक्कानं आयुष्यभर थोरल्या दिरासमोर डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता. ती फोन तांदळाच्या डब्याला टेकवून बाजूला भिंतीआड उभी राहायची आणि तिथून उत्तरं द्यायची. त्या दिवशीही तशीच उभी राहिली. आबा ओरडले नाहीत. त्यांनी फक्त सांगितलं, की रोट बाटले, आणि पुढच्या श्रावणापासून सुमनच्या नावाची मूठ गावी पडणार नाही. आमच्यात मूठ न पडणं म्हणजे तुम्ही कुळात नाही.

आबांनी शब्द पाळला. पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी, आणि त्याच्याही पुढच्या वर्षी. माझं शिक्षण संपलं, मी अमळनेरला परतले, आबांशी भांडले, लेख लिहिले, काही उपयोग झाला नाही. अक्कानं मला एकदाही दोष दिला नाही, पण दर श्रावणात ती फोनवर हळूच विचारायची, "यंदा पडनी का व?" मी नाही म्हटलं की लगेच विषय बदलायची. एमिनेबाईंनी तिला बाजार कसा करायचा ते शिकवलं, पोरांनी जर्मन आकडे शिकवले. दर बुधवारी क्लाउस वर यायचे आणि एकमेकांची भाषा न येता दोघं नातवाला जेवू घालायचे. तिचं दार दिवसभर उघडं असायचं. तिकडे तिची माणसं वाढत होती आणि इकडच्या एका मुठीसाठी तिचा जीव अडकलेला होता. दोन्ही खरं होतं. माझ्या पत्रकात मी यातलं एकच लिहिलं असतं.

अंत्यविधी तिथेच झाला. आबांनी गावी सुतक धरलं, कारण मूठ नाकारली तरी भावाची बायको. मी दहाही दिवस गावीच होते. दहाव्या दिवशी ओट्यावर न्हावी येऊन बसला, आणि दादाचा व्हिडिओ कॉल आला. त्याला आबांना दहाव्याचं काहीतरी विचारायचं होतं. फोन माझ्या हातात होता, आबा शेजारी. दादाच्या मागे खुर्चीत क्लाउस बसलेले दिसले, आणि मी त्यांना ओळखलंच नाही. तो इस्त्रीचा चेहरा पांढऱ्या खुंटांनी भरला होता.

आबा डोळे बारीक करून बघत राहिले. "त्यानी दाढी काब नई करी?" काब म्हणजे का. मी दादाला विचारलं. दादा म्हणाला, पहिल्याच दिवशी क्लाउसनी त्याला गाठून विचारलं, तुमच्यात नियम काय असतात. दादानं सांगितलं की कुळातले पुरुष दहा दिवस दाढी करत नाहीत, गोड खात नाहीत. क्लाउस म्हणाले, मग मलाही लागू आहे. मी तिच्या कुळात आहे, तिनं मला तसं सांगितलं होतं. एमिनेबाईंनी दहा दिवस चहात साखर घातली नव्हती.

हे सगळं मी आबांना सांगितलं. माझ्याकडे त्या क्षणी बोलायला बरंच होतं, तीन वर्षांचं साठलेलं. मी फक्त फोन त्यांच्या आणखी जवळ धरला. आबांनी स्वतःच्या गालावरून हात फिरवला. तिकडे क्लाउसनीही, का कोण जाणे, तसाच फिरवला. न्हाव्यानं वस्तरा उघडला होता. आबांनी त्याला हातानं थांबवलं.

"त्याले इचार," मला म्हणाले, "तठे न्हावी शे का?"

न्हावी नव्हता. क्लाउस उठून आत गेले, वाटी, साबण आणि दाढीचं सामान घेऊन आले. एमिनेबाईंनी आरसा धरला. मी फोन ओट्यावरच्या खांबाला टेकवला. आबा थांबले, क्लाउसच्या गालाला साबण लागेपर्यंत थांबले, आणि मग न्हाव्याला म्हणाले, "हं, आते कर."